रघुवीरकाकांचा उलटा चष्मा

रघुवीरकाकांनी चष्मा काउंटरवर आपटला असता तर मला एवढं लागलं नसतं. आपटणारी गिऱ्हाइकं रोज येतात. काकांनी चष्मा पेटीत घातला, पेटी मिटली आणि हळूच माझ्याकडे सरकवली. दीड महिन्यातली त्यांची ही तिसरी खेप.

"गो बाय, चष्मो तुझो बरो आसा," ते म्हणाले. "पण डोकं काय थांबना."

मागून सुमतीकाकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत दुसरं डोकं आलं असतं करून."

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नऊ दिवसांवर आली होती. काकांनी मला मुदत दिली. चार दिवसांत डोकं थांबलं नाही, तर माटोळीच्या स्पर्धेतून नाव काढून घेणार. माटोळी पुतण्यानं बांधावी, आपण सोप्यावर बसून बघू. हे ऐकून काकी एकदम गप्प झाल्या. काकी गप्प झाल्या म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला दोन खेपांत कळलं होतं.

मी डिचोलीच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी. डॉक्टर नाही. हे मी दिवसातून दहा वेळा सांगते आणि लोक दहा वेळा मला डॉक्टर म्हणतात. माहेर आमोणे. बाबांनी खाणीवर टिपर चालवला, आईने परसातली भाजी ह्याच बाजारात बसून विकली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डिग्रीचा कागद मी दुकानात माझ्या खुर्चीमागे लावला आहे, भिंग लावल्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा करून. आमचे मालक प्रभाकरशेट म्हणतात की दुकानाच्या पाटीपेक्षा तो मोठा आहे. असू दे.

माटोळी काय ते गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. चवथीला गणपतीच्या वर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली, कुळागरातली, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतली, फळं, शेंगा, पानं, फुलं बांधतो. नारळाची पेड, म्हणजे अख्खा घड, सुपारीचा घोस, निरफणस, आंबट आंबाडे, करमलं, कवंडळं, कांगण्या. त्याची स्पर्धाही असते. परीक्षक घरी येतात, चौकटीखाली उभे राहतात, एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारतात: हे काय? कशाला वापरतात? मयेचे रघुवीरकाका अकरा वर्षं स्पर्धेत उतरत होते. त्यांच्या माटोळीत दोनशेच्या वर जिन्नस असत, आणि एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळी यादी त्यांच्या डोक्यात. तेच डोकं दुखत होतं.

पहिल्या खेपेला ते आले तेव्हा दुकानात गर्दी होती. तपासणीच्या खोलीसमोर आमचं बाकडं आहे, तिथे ते तासभर बसले. मग आत घेतलं. कसं दुखतं विचारलं तर दोन्ही हातांचा कडा करून कपाळाभोवती धरला. असं, म्हणाले, कोणी तरी टोपी आवळत नेल्यासारखं. उलटी नाही, डोळ्यापुढे अंधारी नाही, हातापायाला मुंग्या नाहीत. यातलं एक जरी असतं तरी मी चष्म्याचं नावही न काढता त्यांना थेट डॉक्टरकडे पाठवलं असतं. तरी म्हटलं, आधी दाखवून या. ते म्हणाले, दाखवलंय. बीपी ठीक, साखर ठीक. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे चिंतेनं येणारं दुखणं आहे. माणूस धास्तावला की नकळत दात आवळतो, खांदे कानाला लावतो, कपाळाचे आणि मानेचे स्नायू दिवसभर ताठ ठेवतो. मग ते स्नायू संध्याकाळी हिशोब मागतात.

डॉक्टरांचं हे म्हणणं काकांना मान्य नव्हतं. "माका कसली चिंता? कुळागर आसा, झील कामाक आसा, सून बरी आसा."

"ह्यांना चिंता नाय," काकी म्हणाल्या. "ह्यांच्या वाटची मी करतंय."

चिंता नाही म्हटल्यावर उरले डोळे. म्हणून काका माझ्याकडे. मी चार्टसमोर बसवलं. आमचा चार्ट म्हणजे भिंतीवरची उजेडाची पेटी, तिच्यावर मराठी अक्षरं, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. चौसष्टाव्या वर्षी अशी नजर बघून मीच खूश. जवळचा नंबर मात्र थोडा वाढला होता. नवा बायफोकल करून दिला. बायफोकल म्हणजे एकाच भिंगात दोन नंबर: वरच्या भागातून लांबचं, खालच्या छोट्या खिडकीतून जवळचं. आठ दिवसांत काका परत. डोकं तसंच.

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. त्यांना विचारलं, कधी दुखतं? म्हणाले, माटोळीच्या चौकटीखाली उभा राहिलो की. मला लगेच उजेड पडला. माटोळी असते डोक्यावर हातभर अंतरावर. म्हणजे काम जवळचं, पण वर. आणि जवळचं बघायची खिडकी भिंगात खाली. काका मान मागे टाकून, हनुवटी छपराला लावून, खालच्या खिडकीतून वर बघत असणार. मान आखडणारच. मी भिंगं काढली आणि उलटी बसवायला दिली. खिडकी वर.

प्रभाकरशेटनी तो चष्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मग माझ्याकडे बघितलं.

"हे कॉलेजात शिकवलं?"

"नाही शेट. हे माझं डोकं."

"मग तुझंही तपासून घे एकदा."

मी म्हटलं, चालला नाही तर भिंगं माझ्या पगारातून कापा. अशी वाक्यं बोलताना फार बरं वाटतं.

चष्मा चालला. मान एकदम मोकळी झाली. काकी सांगत होत्या की आता हे पेपर वाचायला तो डोक्यावर धरतात, पोदेर पाव द्यायला आला तर बघत उभाच राहतो, आणि जेवताना ताट दिसत नाही म्हणून परवा लोणच्याची फोड बटाटा समजून एका घासात गेली. मी सांगितलं, जेवताना जुना घाला. पण ह्या सगळ्या मौजेत डोकं मात्र तसंच दुखत होतं. आणि म्हणून ही तिसरी खेप, आणि माझ्यापुढे सरकवलेली पेटी.

मी दोघांनाही आत घेतलं. काकी माझ्या स्टुलावर बसल्या, काका खुर्चीत. ह्या वेळी प्रश्न फिरवला. कधी दुखतं ते राहू दे, कधी दुखत नाही?

काका विचार करत होते, तोवर काकींनी उत्तर दिलं. डोंगरावर फळं आणायला जातात तेव्हा नाही. सकाळी एकटे चौकट धुतात, पुसतात, दोऱ्या बांधतात, तेव्हाही नाही. शेजारचं कोणी आलं, मान वर करून म्हणालं, "काका, हे काय हो?", की पाच मिनिटांत कपाळाला हात.

मी ते लिहून घेतलं आणि त्याचा काय अर्थ होतो ते मला कळलं नाही. खरं तेच सांगते. डोळ्यांच्या माणसाला सगळं दुखणं डोळ्यांतच दिसतं. मी ठरवलं, नंबर पहिल्यापासून परत काढू. पडदा ओढला, चार्ट लावला, उजवा डोळा झाकला आणि म्हटलं, वाचा काका.

काका वाचू लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीला "म, ट, ग" म्हणाले आणि वीज गेली.

भर दुपार, पण तपासणीची खोली सगळीकडून बंद आणि काळा पडदा. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. बाहेर प्रभाकरशेट वीज खात्याच्या नावाने काही तरी बोलले. मी थांबले.

काका थांबले नाहीत.

"न, ब," काका म्हणाले. मग पाचवी ओळ: "ल, र, प, क, स." मग सहावी. मग सगळ्यात बारीक, जी मला स्वतःला चष्म्याशिवाय दिसत नाही. शेवटचं अक्षर म्हणून झाल्यावर ते समाधानानं म्हणाले, "झालं. डावो डोळो झाकू?"

काळोखात काकींचा आवाज आला. "अहो, वीज गेली."



मी मोबाईलचा टॉर्च लावला. काका खाली बघत होते, शाळेत कॉपी पकडल्यासारखे. मी विचारलं, कधी पाठ केलात? म्हणाले, पहिल्याच दिवशी. बाकड्यावर बसलेलो ना तासभर. पडदा अर्धा उघडा होता. एक माणूस वाचायचा, दुसरा वाचायचा. ऐकून ऐकून, बघून बघून झालं पाठ.

"पण कशाला, काका?"

"नापास होऊचो नाय म्हणान."

ह्यावर मला हसायला पाहिजे होतं, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. टॉर्च मी खाली टेबलावर पालथा ठेवला. उजेड कमी झाल्यावर काका बोलले. बहुतेक त्या काळोखामुळेच बोलले.

गेल्या चवथीला परीक्षक आले होते. काकांनी शंभर नावं सांगितली, दीडशे सांगितली, डिचोली तालुक्यात चार माणसांना माहीत नसतील अशा वेलींची सांगितली. मग एका बाईंनी बोट दाखवलं ते आंबाड्यांच्या घोसाकडे. आंबाडा. जो आमच्याकडे पावसाळाभर आठवड्यातून दोनदा ताटात असतो. काकांना नाव आठवेना. तोंड उघडलं, आत काही नाही. शेवटी त्या बाईंनीच हळूच सांगितलं. सगळे पुढच्या घोसाकडे वळले. काकींनाही वाटलं, दमले असतील.

"बाबांचं असंच सुरू झालं होतं," काका म्हणाले. "पहिलं भाजीचं नाव गेलं. मग गाईंची गेली. मग आमची."

वर्षभर हा माणूस ही गोष्ट डोक्यात घेऊन फिरत होता. माटोळीतलं प्रत्येक फळ म्हणजे एक प्रश्न, आणि खाली उभं राहिलं की दोनशे प्रश्न एकदम डोक्यावर लटकलेले. शेजाऱ्यानं "हे काय हो" विचारलं की खांदे वर, दात घट्ट, टोपी आवळली. डॉक्टरांचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी उगाच भिंगं उलटी करत बसले.

आणि मग मला हसू आलं. व्यावसायिक माणसानं पेशंटसमोर असं हसू नये, आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. पण मला काही केल्या आवरेना. मी त्या काळोखात पोट धरून हसत होते, आणि काका खुर्चीत ताठ बसलेले.

"काका," मी कसंबसं म्हटलं, "चार्टवर सत्तावीस अक्षरं आहेत. त्यांना अर्थ नाही, क्रम नाही, गाणं नाही. तुम्ही ती एका तासात, एका फटीतून, पाठ केलीत. दीड महिन्यानं काळोखात सगळी बिनचूक म्हटलीत. मी सात वर्षं तो चार्ट रोज बघते. मला तिसरी ओळ विचारा, येणार नाही."

"विचार," काकी लगेच म्हणाल्या.

काकांनी विचारली. मला आली नाही. दुसरं अक्षर चुकलं.

"प," काका म्हणाले. "र नंतर प."

आधी काकी हसल्या, मग काका. काकांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, पोटातून येणारं, खोकल्यासारखं. प्रभाकरशेटनी पडदा बाजूला करून डोकं आत घातलं आणि विचारलं, नंबर निघाला का. काकी म्हणाल्या, निघाला, तुमच्या बायचा निघाला.

हे झालं ते झालं, पण मी कामाची माणूस. चार्ट पाठ असणं म्हणजे विसराळूपणाची तपासणी नव्हे, हेही काकांना सांगितलं. ही बाबांची गोष्ट डॉक्टरांना सांगितली होती का? नव्हती. म्हटलं, उद्याच जा आणि हीच सांगा. गेले. डॉक्टरांनी नीट तासभर घालवला. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. काकांनी पाचही सांगितले, आणि डॉक्टर लिहून घेत असताना दवाखान्याच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक त्याकडे पाठ करून म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही दिसत नाही, एखादं नाव ऐन वेळी अडकतं ते धास्तीनं, वर्षभरानं पुन्हा दाखवा.

त्यांचा खरा नंबर मी त्याच दुपारी काढला. त्यासाठी रेटिनोस्कोप असतो. हातातला बॅटरीवरचा दिवा. डोळ्यात उजेड टाकायचा आणि आतून परत येणारी चमक कुठे सरकते ते बघायचं. माणसाला काही विचारावं लागत नाही, त्यामुळे त्याला पाठही करता येत नाही. पाव नंबरचा फरक निघाला, तेवढ्याने कोणाचं डोकं दुखत नाही.

मग मी त्यांना माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. ही खुर्ची परीक्षेची नाही. इथे सगळे पास व्हायला येतात. डोळे बारीक करतात, श्वास धरतात, अंदाजाने अक्षर ठोकतात. आणि मला हवं असतं ते एकच उत्तर: "हे दिसत नाही." माणूस जिथे थांबतो तिथूनच माझं काम सुरू होतं. न थांबणाऱ्याला मी चुकीचा चष्मा देते, हे तुम्ही बघितलंच.

"म्हणजे परीक्षकांक सांगूचं, येणा म्हणान?"

"आठवत नाही, पुढचं विचारा. एवढंच. दोनशेत एक गेलं तर काय घर पडणार आहे?"

आणि एक सवय लावायला सांगितली. मी खुर्चीत ताठरलेल्या माणसांना रोज सांगते तीच. ओठ मिटलेले, पण दात सुटे. खांदे खाली सोडायचे. श्वास आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. डोळे दाराबाहेर, लांब माडाच्या शेंड्यावर. हे चौकटीखाली उभं राहून करायचं, दिवसातून चारदा, कोणी "हे काय हो" विचारत असताना. विचारायचं काम काकींना दिलं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. शेंदाड धरून "हे काय हो", झाडू धरून "हे काय हो", जावयाकडे बोट दाखवून "हे काय हो". तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला की डोकं हलकं आहे, पण काकींना आता आवरा.

नाव मागे घेतलं नाही.

परीक्षक आले त्या दिवशी मी मुद्दाम मयेला गेले. नव्या साडीत, उकडीच्या वासात, त्यांच्या जनेलाजवळ, म्हणजे खिडकीपाशी, उभी राहिले. घर माणसांनी भरलेलं. डोक्यावर माटोळी, आणि तिच्याखाली काका उलटा चष्मा लावून. तीन परीक्षक. गेल्या वर्षीच्या बाईही होत्या. त्यांनी सुरुवातच आंबाड्यापासून केली, मला वाटतं मुद्दाम, आणि प्रेमानं.

"आंबाडो," काका म्हणाले, आणि त्याचे सहा उपयोग सांगितले.

मग गाडी सुटली. कांगणी, कवंडळ, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा. चष्म्याच्या वरच्या खिडकीतून एकेक दिसत होतं, मान सरळ होती. शंभर झाली, दीडशे झाली. मग त्या बाईंनी मधल्या मोठ्या पेडीकडे बोट केलं. नारळाची पेड. माटोळीतली सगळ्यात ठळक वस्तू, जी लहान पोरही सांगेल.

"आणि हे?"

काका वर बघत राहिले. बोलले नाहीत.  काकींनी माझं मनगट धरलं. मी काकांच्या खांद्यांकडे बघत होते. ते वर चढले. थोडे. मग सावकाश खाली आले. जबडा सैलावला. त्यांनी मान वळवून दाराबाहेर बघितलं, लांब श्वास सोडला आणि शांतपणे म्हणाले,

"आठवत नाय. पुढचं विचारा."

आधी एक परीक्षक हसले, मग सगळं घर. त्यांना वाटलं काका थट्टा करतायत. नारळ कोण विसरेल? बाई हसत हसत पुढच्या घोसाकडे वळल्या आणि काकांनी उरलेली सगळी नावं एका दमात सांगितली. शेवटी हात जोडताना म्हणाले, "आणि तो मघाचा नारळ."

जेवताना मी त्यांच्या शेजारी बसले. हळूच विचारलं, खरंच विसरलात की चेष्टा केलीत?

काकांनी जुना चष्मा लावला होता. पानावरची खतखत्याची, म्हणजे चवथीच्या मिसळभाजीची, वाटी नीट बघितली, बोटानं आंबाडा बाजूला काढला आणि चोखत म्हणाले, "बाय, ते मी माका सुद्धा विचारलं नाय."

डोकं विचारलं तर म्हणाले, खंयचं डोकं?

निकाल लागला. पहिला नंबर पेडण्याच्या एकाला. रघुवीरकाकांना उत्तेजनार्थ. मागच्या वर्षी ते तिसरे होते. काकी चार दिवस परीक्षकांवर चिडल्या होत्या, काका पाचव्या दिवशी पुढच्या वर्षीच्या वेली शोधायला डोंगरावर.

उलट्या चष्म्याची भिंगं माझ्या पगारातून कापली गेली नाहीत. प्रभाकरशेटनी तसा एक चष्मा शोकेसमध्ये ठेवला आहे आणि खाली पाटी लावली आहे: वर बघून काम करणाऱ्यांसाठी खास. आतापर्यंत दोन वायरमन आणि एक फार्मसीवाला घेऊन गेले. कल्पना कोणाची असं विचारलं की शेट म्हणतात, दुकानाची.

माझ्यापुरतं मी दोन गोष्टी बदलल्या. डोकं दुखतं म्हणून कोणी आलं, तर आधी विचारते, कधी दुखत नाही. आणि बाहेरचं बाकडं भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे.